वास येतो का

माय, आज सकाळी मांजर पुन्हा माझ्या गादीवर मुतली. माझ्याच. लेकीचा पलंग रिकामा पडलाय, तिथं नाही. सोफा आहे, तिथं नाही. दोन वर्षं या मांजरीनं ट्रेच्या बाहेर थेंब सांडला नव्हता. वाळूत जायची, उकरून झाकायची आणि तपासणी उरकलेल्या हेडबाईसारखी शेपटी वर करून बाहेर यायची. मग लेक नोकरीला पुण्याला गेली, जाताना मांजर माझ्या गळ्यात घालून गेली, आणि महिनाभरात हे सुरू झालं. तू गेलीस तेव्हा ही लेक बालवाडीत होती. आता रोज फोन करते, चेहरा दिसतो तसला. मी केसांवरून हात फिरवून समोर बसते, आणि ती म्हणते, "मम्मी, जरा बाजूला हो ना, ती दिसत नाहीये." मग मी फोन मांजरीपुढे धरून उभी. हात भरून येतो. माझ्या गुडघ्याची चौकशी शेवटी, फोन ठेवता ठेवता. म्हणून मी पाचोडच्या मावसभावाला सांगून टाकलं, रविवारी ये आणि घेऊन जा हिला, मला आता धुणं होत नाही.

मांजरीवर जळते मी, माय. बावन्न वर्षांची बाई, नातवंडांची वाट बघायचं वय, आणि मांजरीवर जळते. तू हसशील. पण हे जळणं मी तुझ्याच घरात शिकले.

तू दवाखान्यात वॉर्ड पुसायला होतीस. संध्याकाळी घरी आलीस की चपला काढायच्या आधी मोरीत. आधी राख, मग साबण, मग नुसतं पाणी, कोपरापर्यंत. इतक्या वर्षांच्या फिनाईलनं तुझं नाक मेलं होतं. चुलीवर भाजी करपली तरी मी ओरडून सांगायची. म्हणून हात धुतलेस की दोन्ही पंजे माझ्या नाकाशी यायचे. "हुंग बरं. वास येतो का?" मी "येतो" म्हटलं की तू पुन्हा मोरीत. "नाय येत" म्हटलं की सुटलीस, ती थेट मांजरीकडं. "ये माझे बाय! लई वाट पाह्यली व्हय?" वाट मीही पाहिलेली असायची. शाळेतून येऊन, घर झाडून, पाणी भरून पाहिलेली असायची. पण मांडी तिची. विहारात नेसायची तुझी पांढरी साडी, जिला मी बोट लावलं तर "हात धुतले का आधी?" म्हणून डोळे वटारायचीस, त्या साडीच्या घडीवर ती खुशाल झोपायची, आणि तू रविवारी एकेक केस वेचत बसायचीस, हसत. माझ्या डोक्यातल्या उवा वेचताना हसल्याचं काही मला आठवत नाही. तिथं टपलीच मिळायची.

तर ऐक. मी सातवीत होते. कोपऱ्यात तिचं मातीचं घमेलं असायचं, तुटक्या काठाचं. तिला इतकी शिस्त की मांजर असल्याचं खालच्या चाचींनाही, आपल्या घरमालकिणीला, कितीतरी दिवस कळलं नव्हतं. जिन्याखाली सगळ्यांच्या संडासात फिनाईलची बाटली असायची. तू कामाला गेलीस की मी झाकणभर आणून त्या मातीत ओतायची आणि वरून कोरडी माती पसरायची. रोज. तुला वास येणार नाही हे मला ठाऊक होतं. त्यामुळंच तर ते सुचलं. मांजर घमेल्यापाशी जाते, हुंगते, मागं सरते, कावरीबावरी होऊन खोलीभर फिरते, आणि शेवटी आपण पांघरायच्या गोधडीवर मुतते. मी बघते आहे. मला वाटतं, आता खाईल मार. पण तू तिला मारत नाहीस. तू गोधडी धुतेस, माती बदलतेस, घमेलं दाराशी नेऊन ठेवतेस, पुन्हा आत आणतेस. आणि एका संध्याकाळी ते घमेलं उचलून स्वतःच्या नाकाला लावतेस, काही कळत नाही म्हणून माझ्यापुढं धरतेस. "पोरी, तुझं नाक चांगलंय. कशाचा वास येतो का गं याला? ती काऊन जात नाय यात?"

मी म्हणाले, "नाय येत."

त्याच आठवड्यात चाची वर आल्या. भांडल्या नाहीत, नाकाला ओढणी लावून दारातच उभ्या राहिल्या. "देखो बाई, पूरे जीने में बास मार रई. बिल्ली रखो या घर रखो." बाजाराच्या दिवशी तू तिला कापडी पिशवीत घालून एसटीनं पाचोडला नेलंस, मावशीकडं सोडून संध्याकाळी परत आलीस. मोरीत गेलीस. राख, साबण, पाणी. त्या दिवशी तू दवाखान्यात गेलीच नव्हतीस, तरी हात धुतलेस आणि माझ्या नाकाशी धरलेस. मी म्हणाले, नाय येत. मग ते स्वच्छ हात घेऊन तू भिंतीला टेकून बसलीस. आता आपलाच नंबर, म्हणून मी सरकत सरकत मांडीपाशी आले. तू म्हणालीस, "सरक जरा तिकडं. उकडायलंय."

इतकी वर्षं मी ते वाक्य तुझ्यावरचा राग म्हणून सांभाळलं. माझ्या लग्नात तू रडलीस, तेव्हाही मनात आलं, मांजर गेली तेव्हा तर दुःखानं हिच्यानं रडवतही नव्हतं.

काल लेकीच्या हट्टापायी मांजरीला क्रांती चौकाजवळच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. लेकीच्याच वयाची मुलगी. तिनं मांजरीचं पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली, काही दुखणं निघालं नाही. ट्रे सोबत आणा असं फोनवर बजावलं होतं, तो तिनं उचलला, नाकाजवळ नेला आणि माझ्याकडं बघितलं. "काकू, याला फिनाईल लावता?"

"स्वच्छतेसाठी. थोडंसंच."

"मांजरांना ते जहर असतं हो. पायाला लागतं, पाय चाटला की पोटात जातं. नशीब समजा, ती यात बसली नाही, तुमच्या गादीवर बसली."

"मला काय माहीत!" मी म्हणाले. तिनं विश्वास ठेवला. चांगली मुलगी आहे. म्हणाली, साध्या गरम पाण्यानं धुवा, तिच्या सवयीचीच वाळू आणा, आठवड्यात सुधारेल.

जहर असतं हे मला खरंच माहीत नव्हतं. तेव्हाही नाही, या खेपेलाही नाही. बाकी सगळं माहीत होतं, माय. या खेपेलाही झाकण सवयीचं काम असल्यासारखं भरलं.

मावसभावाला आत्ता फोन करून सांगितलं, रविवारी येऊ नको. लेकीला सांगितलं, वाळू बदलली होती म्हणून तसं झालं. तिनं "थँक्यू मम्मी" म्हटलं आणि मांजरीला दाखव म्हणाली. दाखवली. नंतर ट्रे तीनदा धुतला, हात तीनदा धुतले, आणि ओले पंजे स्वतःच्याच नाकाशी धरून मोरीत उभी राहिले. माझं नाक शाबूत आहे, तरी काही ठरवता येईना. विचारायला कोणी नव्हतं. मांजर दारात बसून बघत होती, तिला विचारण्यासारखं तोंड माझं नव्हतं. तिथं उभ्या उभ्या लक्षात आलं की दर संध्याकाळी तुझे ते हात तुझ्या मांजरीच्या पाठीवर जायच्या आधी माझ्यापाशी यायचे. तिच्या आधी.

हे मी डॉक्टरीणबाईंच्या कागदाच्या पाठीमागं लिहितेय. लेकीच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन. पण घमेल्याचं सांगितलं तसं हेही सांगते. मी "येतो" म्हणायची ना, आणि तू दमलेली असूनही पुन्हा मोरीत जायचीस? बहुतेक वेळा वास गेलेला असायचा, माय. तू परत येऊन हात पुन्हा एकदा माझ्या नाकाशी धरावेस, एवढंच हवं असायचं.