माझ्या नावावर असलेली तीन माणसांची नावं

मी, सुजीत पंढरी बोरसे, वय वर्षे तेवीस, धंदा लेखक-कलावंतांच्या वेबसाइट बनवणे व वर त्यांचीच बोलणी खाणे, राहणार बोईसर पूर्व, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं तापलेलं आहे. परंतु ते माझं रोजचं तापमान असून त्या मुद्द्यावर कोणी कोर्टात जाऊ नये.

लिहिण्याचं कारण असं की, उद्या सकाळी पालघरच्या एका दवाखान्यात माझं पित्ताशय काढणार आहेत. आत खडे झालेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुर्बिणीतून काढू, परवा घरी जाशील." मग संमतीच्या फॉर्मवर 'जीवितास धोका संभवतो' असं कशाला छापलंय? विचारलं तर म्हणे, "ते सगळ्यांनाच देतो, कोणी वाचत नाही." मी वाचतो. वाचून सही केली आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

माझ्या वर्गातला मनीष कोळगावला कलेक्टर कचेरीबाहेर लोकांचे अर्ज टाइप करून देतो. त्याने फोनवर दोन नियम सांगितले. खाडाखोड केली तर शेजारी सही करायची. आणि साक्षीदार दोन लागतात, पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार तो साक्षीदार घेऊ नये. "एक मी येतो," मनीष म्हणाला, "मला काही ठेवू नको. तसंही तुझ्याकडे हाय काय?" हे वाक्य लक्षात घेऊन मनीषला काहीही ठेवलेलं नाही.

कलम १. माझ्याकडे काय आहे ते.

एक लॅपटॉप, ज्याचं एक बटण गेलंय आणि तिथे मी काडेपेटीची काडी दाबून काम चालवतो. एक खुर्ची. बँकेत जे असेल ते. आणि तीन माणसांची नावं.

हे नीट समजून घ्या. वेबसाइटला पत्ता लागतो. बहुतेक वेळा तो त्या माणसाच्या नावाचाच घेतात. तो वर्षावर्षाच्या बोलीने मिळतो, आणि ज्याने घेतला त्याचा असतो, नाव कोणाचंही असो. घेताना मोबाइलवर ओटीपी येतो. मी माझ्या तिन्ही गिऱ्हाइकांना बजावलं, पत्ता तुमच्याच नावावर पाहिजे, आलेला आकडा सांगा. एकानेही सांगितला नाही. कवी भगवंत चौधरी सर म्हणाले, "बँकेने ताकीद दिली आहे, पोटच्या मुलालाही सांगू नये." बबलू फोटोवाला म्हणाला, "भाय, ओटीपी के सिवा कुछ भी माँग." आणि चित्रकार वैभवीचे वडील, दांडीचे दादूकाका तामोरे, यांनी तर मुलीच्या हातातून फोनच काढून घेतला. "नाय सांगनार. आमच्या आळीतल्या रामाचं खातं असंच धुतलंन."

शेवटी वैतागून तिन्ही पत्ते मी माझ्या फोनवरून, माझ्या नावावर घेतले. त्यामुळे आज कागदोपत्री एक कवी, एक फोटोग्राफर आणि एक चित्रकार माझ्या मालकीचे आहेत. मी गेलो की मुदत संपल्यावर पत्ते सुटतील, आणि भगवंत सरांच्या नावावर कोणीतरी ताकदीच्या गोळ्या विकेल.

त्यातला वैभवी दादू तामोरे हिच्या नावाचा पत्ता दोन ऑगस्टला सुटतो. तिच्यासाठी आलेलं एक पत्रही माझ्याकडे पडून आहे. मी ते तिला दिलेलं नाही. त्याबद्दल कलम ६. आधी बाकीच्यांचं उरकतो.

कलम २. आईवडील.

बँकेतलं सगळं माझी आई सौ. साखरबाई हिला. खुर्ची वडिलांना. वडील श्री. पंढरी बोरसे धुळ्याकडून येऊन बावीस वर्षं एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात उभे आहेत, आता बसावं. त्यांचं माझ्याबद्दलचं मत सर्वांना ठाऊक आहे: "कामाला जा म्हटलं तर म्हणतो कामच करतोय, आणि बघावं तर मोबाइल." पप्पा, ते काम होतं. तुमच्या पाळीसारखा त्याला भोंगा नाही, एवढंच.

कलम ३. कॉलेज.

कॉलेजला काही नाही. दुसऱ्या वर्षाला आम्हाला वेबसाइट कागदावर लिहायला लावली. पेनने. पट्टीने चौकोन आखून. मी विचारलं, "सर, ही उघडायची कशी?" वर्ग हसला, सरांनी बाहेर काढलं, मी बाहेर गेलो तो आजतागायत बाहेर आहे. चौकोनाच्या रेषा सरळ नाहीत म्हणून त्यांनी चार मार्क कापले होते. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत आहे. तो सरांना परत करावा आणि उघडून दाखवा म्हणावं.

कलम ४. कवी भगवंत चौधरी, निवृत्त, मुक्काम टाउनशिपजवळ.

सरांच्या नावाचा पत्ता सरांना. सोबत तीन वर्षं तोंडापर्यंत आलेलं आणि वयाचा मान राखून गिळलेलं बोलणंही त्यांनाच.

सर, वेबसाइट उघडताच बासरी वाजते ती बंद करा. माणूस ऑफिसात चोरून कविता वाचायला येतो, बासरी ऐकून साहेब येतो. तुमचे एकोणतीस फोटो आहेत, त्यातल्या चोवीसांत तुम्ही नारळ आणि शाल घेताय. कविता फक्त अकरा, त्याही फोटो काढून चिकटवलेल्या. त्यामुळे गूगलला तुम्ही कवी आहात हे माहीतच नाही, त्याच्या लेखी तुम्ही शालींचे व्यापारी. 'आगामी कार्यक्रम' या पानावर शेवटचा कार्यक्रम २०२२ मधला. मी म्हटलं, "सर, जुनं काढा किंवा नवीन द्या." तुम्ही म्हणालात, "राहू दे रे, लोकांना कळू दे आपण कार्यक्रम करतो." लोकांना एवढंच कळतं सर, की या घरात तीन वर्षांत कोणी झाडू मारला नाही. आणि भेट देणाऱ्यांचा आकडा दहा हजारांपासून सुरू करायला तुम्ही लावलात. आज तो दहा हजार चौसष्ट आहे. त्या चौसष्टांत चाळीस वेळा मी आहे.

पुस्तक कुठे मिळेल, हे एका ओळीत लिहा. एवढंच एक काम होतं त्या वेबसाइटचं.

कलम ५. बबलू फोटोवाला, बोईसर.

पत्ता बबलूला. चिंचणीच्या किनाऱ्यावर नवरा-नवरीला पळवत काढलेले त्याचे चारशे फोटो पहिल्याच पानावर आहेत, एकही लहान करू दिला नाही. "भाय, क्वालिटी!" पान उघडेपर्यंत त्या जोडप्याला मूल होतं. बबलू, बारा ठेव. गिऱ्हाइकाला तू किती लग्नं केलीस हे बघायचं नसतं, त्याचं लग्न तू कसं काढशील ते बघायचं असतं. आणि फोन नंबर वर टाक. दुकान उघडून शटरला आतून कडी लावलीस तू.

कलम ६. वैभवी दादू तामोरे, मुक्काम दांडी.

वैभवीचे वडील बोटींवर नावं रंगवतात. जूनपासून बोटी किनाऱ्यावर चढल्या की दोन महिने त्यांचा हात थांबत नाही. वैभवी त्यांच्या हाताखाली शिकली आणि मग मुलांसाठी चित्रं काढायला लागली: सुकवायच्या बोंबलांच्या ओळीखालून धावणारं मांजर, टोपलीत झोपलेलं पोर, जाळ्याच्या भोकातून बघणारी म्हातारी. या जिल्ह्यात तिच्यासारखं कोणी काढत नाही. हे माझं मत असून ते बदलण्यात येणार नाही.

तिची वेबसाइट मी जीव ओतून केली. काळी पार्श्वभूमी, त्यावर हलणाऱ्या लाटा, लाटांतून सोनेरी अक्षरांत वर येणारं तिचं नाव. तिला काय हवं, हे मी विचारलं नाही. मला वाटलं मला माहीत आहे. परिचयाच्या पानावर मी लिहिलं: 'दर्याच्या लाटांनाही जिच्या डोळ्यांचा हेवा वाटावा अशी'. तोंडावर बोलायला जमलं नव्हतं, म्हणून तिथे लिहिलं. जिथे अख्खं जग वाचतं तिथे. अख्खं जग राहिलं बाजूला, दांडीतल्या पोरांनी ते मासळी सुकवायच्या ओट्यांवर उभं राहून मोठ्याने वाचलं.

ती तीन जुलैला बोईसरला आली, स्टेशनसमोर.

"सुजीत, ह्ये डोळे कशाला घातलेस? चित्रं काढनारीचे डोळे बघून लोकांना काय करायचंय? माजी चित्रं कुठं हायत?"

"आहेत ना. लाटा संपल्या की खाली जायचं, मग 'दालन' दाबायचं, मग..."

"चार ठिकानी दाबावं लागतं. मी मोजलं. आनि शेवटी सगळ्यात मोठं काय, तर 'संकल्पना व निर्मिती, सुजीत बोरसे'."

दादूकाका मागे स्कूटर धरून उभे होते. ते रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "पोरा, मी चाळीस वर्सं बोटी रंगवतो. एका तरी बोटीवर माजं नाव वाचलंस काय?"

मी घरी गेलो आणि तिची वेबसाइट बंद केली. 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लावली. दुरुस्ती कसली, राग होता. आज एकवीस दिवस झाले.

नऊ तारखेला पत्र आलं. तिच्या कार्डावर छापलेला ईमेल मीच बनवलेला, त्यामुळे तो माझ्याच लॅपटॉपवर उघडतो. पुण्याच्या एका प्रकाशनाच्या संपादक बाई. मुलांच्या पुस्तकासाठी चित्रकार हवी आहे, तुमचं कार्ड एका प्रदर्शनात मिळालं, वेबसाइट उघडत नाही, एकतीस जुलैपर्यंत दहा चित्रं पाठवू शकाल का. मी ते दोनदा वाचलं. मग लॅपटॉप मिटला. मला वाटलं, आधी तिने फोन करावा. तिने केला नाही. कशाला करेल? तिला माहीत काय की तिचं पत्र माझ्या घरात बसलंय.

मी भगवंत सरांना शालींवरून हसतो. सरांनी निदान दुसऱ्याच्या दारात स्वतःचा फोटो लावला नव्हता.

~~तरी वैभवीच्या नावाचा पत्ता, तिचा ईमेल, त्यातलं पत्र आणि तिची सर्व चित्रं माझ्या मृत्यूनंतर तिला द्यावीत.~~ (खोडलं. सही: सु. पं. बोरसे)

खोडण्याचं कारण. हे लिहून मी मनीषला फोनवर वाचून दाखवलं, दुसरा साक्षीदार कोण ते ठरवायला. आईवडील चालत नाहीत, बबलू चालत नाही, सर चालत नाहीत, सगळ्यांना मी काही ना काही ठेवलेलं. मनीष म्हणाला, "वैभवीला बोलाव."

"तिलाही ठेवलंय."

"कधी मिळनार तिला ते?"

"मी मेल्यावर."

"आनि एकतीस तारखेपर्यंत नाय मेलास तर?"

मी फोन ठेवला. मग परत लावला, पण मनीषला नाही.

कलम ६ ऐवजी पुढील मजकूर वाचावा.

वैभवी आज दुपारी दादूकाकांच्या मागे स्कूटरवर बसून आमच्या घरी आली. मी तिला पत्र दाखवलं. तिने ते उभ्यानेच वाचलं, तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. आईने चहा ठेवला होता, तो तिने घेतला नाही.

"पंधरा दिवस, सुजीत."

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "ते तुज्याकडंच ठेव." आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. लाटा काढल्या. काळं काढलं, पांढरं केलं. पहिल्या पानावर दहा चित्रं, खाली नाव, फोन नंबर, 'चित्रांसाठी लिहा'. डोळे काढले. तळातलं माझं नाव तिने काढलं नाही. ते मी काढलं. एक तास लागला. मला तीन महिने लागले होते. दादूकाका दारात जाऊन उभे राहिले आणि तिथून डोळे बारीक करून लॅपटॉपकडे बघितलं. "हितून वाचता येतं," म्हणाले. बोटीवरचं नावही ते असंच लांबून बघतात.

राहिला पत्ता. तो तिच्या नावावर करायचा तर आधीच्या मालकाच्या फोनवर आकडा येतो. माझा फोन वाजला. वैभवीने हात पुढे केला नाही, आवाजही चढवला नाही.

"ओटीपी सांग."

दादूकाका म्हणाले, "नको सांगूस पोरा, खातं धुतील," आणि आज पहिल्यांदा कोणीतरी हसलं. ती नाही. आई.

मी सहाही आकडे सांगितले.

सबब, वैभवी दादू तामोरे हिला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही. तिचं होतं ते तिच्याकडे गेलं. तिने संपादक बाईंना चित्रं पाठवली, आणि मग तोवर येऊन पोचलेल्या मनीषच्या पेनाने खाली सही केली. सही करताना म्हणाली, "उद्या मरू नकोस. परिचयाचं पान कोरं हाय, ते मी लिहिनार, आनि शुद्धलेखन तुला तपासायचंय." त्यावर मी हो म्हटलं, हे दोन्ही साक्षीदारांसमक्ष.

लॅपटॉप कोणाला हे लिहायचं राहिलं. राहू द्या. तो मला लागणार आहे.

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचला, खोडलं तेही मीच.

लिहून ठेवणार: सुजीत पंढरी बोरसे

साक्षीदार १: मनीष (काही मिळालं नाही, चहा दोन वेळा)
साक्षीदार २: वैभवी दादू तामोरे

स्थळ: बोईसर
दिनांक: २४ जुलै २०२५