रात्रीचं जास्तीचं पोर

३ ऑगस्ट

केलं! करायला नको होतं, पण केलं. आमच्या गावच्या म्हाताऱ्या नोंदास मास्तरांच्या काव्यात माझ्या दोन ओळी घुसडल्या.

देवांच्या जन्माचं ते जुनं ग्रीक काव्य मास्तरांनी तरुणपणी आमच्या बोलीत आणलं, वहीत लिहिलं. दर पंधरा ऑगस्टला, मरियामातेच्या जत्रेत, चिनाराखाली उभं राहून तोंडपाठ म्हणतात. आता डोळे गेलेत, म्हणून उजळणीला वही मी वाचतो. आज रात्रदेवीनं बापाशिवाय जन्माला घातलेल्या पोरांची यादी आली — मरण, झोप, म्हातारपण... रोज तेच तेच! मी गंभीर आवाज काढून पुढं जोडलं —

"शेवटचं पोर 'उरला'. भावंडं पांगली जगभर,
हा एकटाच दारात बसला."

मास्तर थांबले. "परत वाच."

वाचलं. त्यांनी पाठ केलं! हसू दाबून दाबून पोट दुखलं माझं.

७ ऑगस्ट

पण हे सांगून हसायचं कुणाबरोबर? माझ्या वयाचे सगळे अथेन्सला, नाहीतर जर्मनीत. कॉफीच्या दुकानात पत्ते कुटणारे चार म्हातारे.

"लाम्ब्रो, तू कधी तोंड काळं करणार?"

"मी गेलो तर तुमचे पत्ते कोण चोरेल, काका?"

हसले. मग परत पत्ते. मास्तरांकडे जातो म्हणून माझा दिवस सरतो. हे त्यांना सांगायचं नाही.

११ ऑगस्ट

मेलो! मास्तरांची मुलगी आली अथेन्सहून, पोलिक्सेनीताई. काव्य तिला लहानपणापासून पाठ. दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, जत्रेत कळेलच. चुकले, तर घराला कुलूप लावून माझ्याकडे नेते."

मास्तर गुरगुरले, "मला काय धाड भरलीय? मी नाही येणार!"

माझ्या दोन ओळींपायी म्हातारा जाणार. मग मी कुठं जाऊ?

१४ ऑगस्ट

सांगायला तीनदा गेलो. एकदा ताई शेजारी. एकदा मास्तर झोपलेले. तिसऱ्यांदा काहीच आड नव्हतं — तरी जीभ उचलेना. भित्रा!

१५ ऑगस्ट

म्हणाले. सगळं, कुठं न अडखळता — माझ्या ओळीसुद्धा! काय खणखणीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोकडाच्या पातेल्याशेजारी ताई पांढरीफटक.

"बाबा, हे कुठून आणलंत? हे कधी नव्हतंच!"

"होतं. पहिल्यापासून होतं."

ती रडायलाच लागली. उद्याच नेते म्हणाली. मी पुढं झालो, "ताई, ऐका —" तर मास्तरांनी माझं मनगट असं आवळलं, की पुढचे शब्दच गेले.

१६ ऑगस्ट

गाडीत बसवताना मास्तर माझ्या कानात म्हणाले, "गाढवा, माझ्या काव्यात घुसलेलं तुझं पोर मला ओळखू येणार नाही? पाच वर्षं झाली, 'मला घेऊन जा' असं तिला म्हणवत नव्हतं रे. तू सोय केलीस. आता तोंड शिवून टाक."

गाडी गेली.

ताईला खरं कळलं तर ती त्यांना परत आणून सोडेल. आणि मला तेच हवंय! म्हणून, डायरी, पाया पडतो तुझ्या — कुणाला सांगू नकोस. मलाही सांगू देऊ नकोस.