घटाखालचं यंत्र

प्रिय प्रज्वल,

पत्राला 'प्रिय' लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं, फार मनावर घेऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर मीटिंगमध्ये आहे म्हणून ठेवतोस. कागद तरी मध्येच कापता येत नाही.

दिवाळी अंकातल्या तुझ्या विज्ञानकथेला बक्षीस मिळालं म्हणे. मी अभिनंदन करणार नाही. अंक आला तेव्हा मी दुसरबीडला सासरी होते. आबांनी आधी तो अर्ध्या गावाला दाखवला, पोराचं नाव छापून आलं म्हणून, आणि मग ओट्यावर बसून ओळीवर बोट फिरवत वाचला. वाचलं काय, तर अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्याचे गोल मांडून, मधल्या खड्ड्यावर पाण्याची घागर ठेवून, सकाळी सरकलेल्या दाण्यांवरून पाऊसपाणी सांगणारा एक म्हातारा. त्या घटाखाली परग्रहावरच्या लोकांनी पुरलेलं यंत्र. दाणे तेच हलवतं, माणसं कुठवर विश्वास ठेवतात ते मोजायला. म्हाताऱ्याला हे कळतं आणि त्याचा देवावरचा विश्वास उडतो. छान कल्पना आहे. पण कल्पनाच करायची होती तर त्यात आपल्या आजोबांचं शालिग्राम हे नाव कशाला घातलंस? बांधावरची चिंच, पोचा पडलेली आपली तांब्याची घागर? एक नाव बदलायला तुझे हात मोडले होते का?

विज्ञानकथा म्हणजे काय ते आबांना माहीत नाही. पोरगा इंजिनियर आहे आणि विज्ञान खोटं नसतं, एवढं माहीत आहे. मी फोनवर समजावलं की ही मनानं रचलेली गोष्ट आहे. तर म्हणाले, "खोटं असतं त माह्या बापाचं नाव त्यानं काऊन टाकलं असतं? माह्या तोंडावर सांगता आलं नाई त्याले, म्हून लिवलं." म्हणजे तुझा भेकडपणासुद्धा त्यांनी मायेनंच वाचला.

चैत्र लागला आणि दरवर्षी स्वतः घट मांडतात त्याच जागेवर त्यांनी कुदळ घातली. जिथं चप्पल घालून कुणाला पाय ठेवू दिला नाही, तिथं. मला कळलं तशी मी माहेरी आले. खड्डा आधी कमरेएवढा होता, आता ते आत उभे राहिले की नुसती टोपी दिसते. ऊन असं की कुदळीचा दांडा धरवत नाही. मला वाटलं होतं, काही सापडलं नाही की हसतील, तुला चार शिव्या देतील आणि खड्डा बुजवतील. काल भाकर घेऊन गेले तर काठावर पाय सोडून बसले होते. म्हणाले, "पुष्पे, मशीन नाई दिसून राह्यलं. मंग दाणे कोन हालवत होतं?" मी म्हटलं, देव. "देव असता त मले खणू देलं असतं का?" म्हणाले, आणि पुन्हा खाली उतरले.

तुझ्या गोष्टीतला म्हातारा निदान यंत्रावर चिडू तरी शकतो. आपल्या म्हाताऱ्याच्या हाती काळी माती आणि तिच्याखाली मुरूम. मला तुझा राग येतो, प्रज्वल. भाकरी थापतानासुद्धा येतो.

अक्षय तृतीया तोंडावर आली. यंदा घट मांडणार का, विचारायला लोक शेतात येतात आणि आबा खड्ड्यातून उत्तर देत नाहीत. बाजूची माती ढासळायला लागलीय. काहीतरी सापडल्याशिवाय ते खणणं थांबवणार नाहीत, हे मला कळून चुकलंय, आणि आता तू समजावूनही उपयोग नाही. म्हणून लिहितेय. ये. येताना तुझ्या ऑफिसातलं एखादं मोडकं, तारा लोंबणारं यंत्र पिशवीत घालून आण. भाकर खाल्ल्यावर आबा चिंचेखाली जरा आडवे होतात, तेवढ्यात खाली उतर आणि मातीखाली दाब. लिहिलंस तू, तूच पूर. मग ते हातात घेऊन आबा वर येतील, तेव्हा समोर उभा राहा आणि त्यांच्या तोंडाकडे बघ. मला ते बघवणार नाही.

तुझीच, त्याला इलाज नाही,
पुष्पाताई