अकरा सेकंदांची बासरी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकतीस, व्यवसाय नाट्यगृहातील ध्वनितंत्रज्ञ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि दुपारचा चहा झाल्यावर हे लिहून ठेवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कारण नमूद करते. येत्या सोमवारी माझ्या डाव्या कानाच्या आतल्या बाजूची गाठ काढायची आहे. गाठ साधी आहे, जागा अवघड आहे. सर्जन म्हणाले, जिवाला धोका शंभरात एक. त्यानंतर डाव्या कानाने ऐकू येणार नाही, हे मात्र शंभरात शंभर. आकडे स्पष्ट सांगितल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले. रडण्याऐवजी आभार मानणारा पेशंट त्यांना नवा असावा.

कलम १. माझे राहते घर, दोन खोल्या, तिसरा मजला, आईला द्यावे. आईला जिने चढवत नाहीत, तेव्हा ती ते विकेल. माझी हरकत नाही. खिडकीतल्या कुंड्या तिने आधी न्याव्यात. त्या तिच्याच आहेत आणि "परत कधी देतेस?" असे ती चार वर्षे विचारत आहे. बटणे दाबायला एवढे शिकावे लागते का, हाही तिचा जुना प्रश्न. ती माझ्या कामाला एकदाच आली. घरी जाताना म्हणाली, "सगळ्यांचं ऐकू आलं गं. तुझं काय होतं त्यात?" मी म्हटले, सगळ्यांचे ऐकू आले हेच माझे. तिने माझा हात धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही. हे कलमात बसत नाही, पण असू द्यावे.

कलम २. बँकेतली बचत दादाला, माझ्या भाचीच्या शिक्षणासाठी. तिला जे शिकायचे असेल ते. दादाला जे शिकवायचे असेल ते नव्हे. मी नऊ वर्षांची असताना दादाने घरातला रेडिओ उघडला आणि त्याला तो जोडता आला नाही. मी जोडला. एक स्क्रू उरला. रेडिओ चालला तरी "बघा, हिने एक स्क्रू बाहेर ठेवलाच" असे तो आजतागायत पाहुण्यांना सांगतो. तो स्क्रू माझ्या टेबलाच्या खणात काडेपेटीत आहे. तोही दादाला.

कलम ३. हत्यारे, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पक्कड आणि काळ्या चिकटपट्टीची रिळे, दिवेवालीला. ती सात वर्षे माझ्या शेजारी बसून रंगमंचाचे दिवे सांभाळते. पक्कड गेल्या वर्षीपासून तिच्याकडेच आहे. ती आता तिची समजावी.

कलम ४. यासाठी आधी जागा समजून घ्यावी लागेल. आमच्या नाट्यगृहात माझे आवाज नियंत्रणाचे टेबल वर आहे, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेच्या पाठीशी. त्या रांगेत कोणी कुजबुजले तरी मला ऐकू येते. सध्याची संगीतिका (कलम ५ पाहावे) सुरू झाल्यापासून त्या रांगेत ठरावीक माणसे येतात. त्यांना आम्ही "शेवटची रांग" म्हणतो, आणि आता तीही स्वतःला तेच म्हणवतात. त्यातले दोघे इथे महत्त्वाचे आहेत: मुद्रितशोधक काका, ज्यांनी चाळीस वर्षे छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि नर्सताई, जी ड्यूटी संपवून थेट येते आणि पहिल्या अंकात पायातले बूट काढून बसते. नर्सताईच्या खुर्चीवर एसीचा झोत येतो. माझा राखाडी कोट तिला द्यावा. ती आधी "मला कशाला?" म्हणेल. तेवढे म्हणू द्यावे.

कलम ५. सदर संगीतिका ही एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट आहे. दुसऱ्या अंकात तिचा मुलगा पलीकडे निघून जातो आणि ती काठावर उभी राहून गाते. त्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी अकरा सेकंद सगळी वाद्ये थांबतात. ती एकटी, माइकशिवाय, उघड्या गळ्याने गाते. मग वाद्ये परत येतात.

पहिल्या प्रयोगानंतर दोन दिवसांनी समीक्षण छापून आले. समीक्षकांनी काहीच शिल्लक ठेवले नव्हते. नावेला भोक आहे, नावाड्याला अभिनय नाही, आणि "जिथे संगीतकाराने सर्वांत जास्त बोलायला हवे होते, नेमके तिथेच त्याच्याकडचे सूर संपले." हे वाक्य मला पाठ आहे.

पुढच्या प्रयोगाला निम्मे नाट्यगृह रिकामे होते. शेवटची रांग भरलेली होती. मध्यंतरात काकांनी खिशातून समीक्षणाचे कात्रण काढले. त्यावर लाल शाईने चौदा दुरुस्त्या होत्या. "सात ऱ्हस्व-दीर्घ, चार विरामचिन्हं, तीन ठिकाणी कर्ता एक नि क्रियापद दुसऱ्याचं," त्यांनी सांगितले. "एक प्रत संपादकांना पाठवली. कळवलं, की आधी वाक्य दुरुस्त करा, मग गाणं." नर्सताई हसली नाही. ती म्हणाली, ज्याने हे लिहिले त्याच्याजवळचे कोणी अजून गेलेले नाही. वॉर्डात बातमी सांगितली की माणूस आधी गप्प होतो. आजूबाजूचे सगळे आवाज बंद पडतात. "ते अकरा सेकंद तसेच आहेत. ज्याने वाद्यं गाळायचं धाडस केलं ना, त्या संगीत देणाऱ्या मास्तरांना एकदा नमस्कार करायचाय मला."

त्या दिवसापासून त्या रांगेने एक शिस्त लावून घेतली. गाणे सुरू होण्याआधीच खोकल्याच्या गोळ्यांचे कागद सोडून ठेवायचे, म्हणजे मध्येच चुरचुर नको. प्रत्येकाने पुढच्या खेपेला एक नवा माणूस आणायचा आणि त्यालाही कागद आधीच सोडायला लावायचे. जी आठव्या प्रयोगाला बंद पडायची होती, त्या संगीतिकेचा गेल्या शनिवारी अठ्ठावन्नावा प्रयोग झाला. अकरा सेकंदांत आता सातशे माणसे श्वास रोखतात. माझ्या मीटरवर ते दिसते. नायिका दोन ओळींच्या मधे थांबते तेव्हा काटा इतका खाली जातो, जितका रिकाम्या नाट्यगृहातही जात नाही.

काकांनी लाल दुरुस्त्या केलेली दुसरी प्रत मला दिली होती. ती समीक्षकांना द्यावी, सोबत माझा निरोप: भाषेत चौदा चुका आहेत, पण तिथे काहीतरी हवे होते आणि नाही, हे तुम्ही एकट्याने ओळखले. तुमचे कान चांगले आहेत.

कलम ६. हे कलम मी सात वेळा लिहिले आणि सहा वेळा फाडले.

त्या अकरा सेकंदांतली वाद्ये कोणी मुद्दाम गाळली नाहीत. ती माझी चूक आहे.

आमच्याकडे वादकांना रंगमंचापुढे जागा नाही. ते खाली एका बंद खोलीत वाजवतात आणि त्यांचा आवाज माझ्या टेबलावरून नाट्यगृहात जातो. त्या गाण्यात सत्तेचाळिसाव्या क्यूला, म्हणजे बटण दाबायच्या ठरलेल्या खुणेला, मी वाद्ये हळू करायची होती. अठ्ठेचाळिसावा क्यू गाणे संपल्यावरचा: सर्व माइक बंद. पहिल्या प्रयोगाला माझे बोट बटणावर दोनदा पडले. सत्तेचाळीस आणि लगेच अठ्ठेचाळीस. सगळे बंद. मला कळायला तीन सेकंद लागले आणि मागे यायला आठ. एवढा वेळ नायिका काहीही ऐकू येत नसताना गात राहिली. आवाज परत आला तेव्हा ती सुरातही होती आणि तालातही. खाली बंद खोलीत मास्तर, म्हणजे आमचे संगीतकार, हाताने ताल देत होते आणि बासरीवाला वाजवत होता. त्या अकरा सेकंदांत एकट्या बासरीची ओळ होती. मास्तरांनी त्या ओळीवर पाच महिने घालवले होते. ती कोणीही ऐकली नाही.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक धावत वर आले. डोळे पुसत होते. मास्तरांनी हे शेवटच्या क्षणी गाळले का, असे त्यांनी विचारले. मी "हं" म्हटले. "आता हे असंच ठेवायचं," असे सांगून ते गेले.

समीक्षण आले त्या दिवशी मास्तर माझ्या टेबलाशी आले. हातात वर्तमानपत्र नव्हते, पण घडीची शाई बोटांना लागलेली होती. त्यांनी विचारले, "बासरी काढायचं कोणी ठरवलं?"

मी म्हटले, "वरून आलं."

तांत्रिकदृष्ट्या ते खरे होते. माझे टेबल वरच आहे.

मास्तर दुसऱ्यांदा विचारणाऱ्यांतले नाहीत. आपली ओळ इतकी टाकाऊ होती की आपल्याला न सांगता काढून टाकली, असे ते समजले. तिसऱ्या प्रयोगानंतर त्यांनी वादकांना खुणा करायची काठी व्हायोलिनवाल्या बाईंकडे दिली. तेव्हापासून त्यांनी एकही चाल केलेली नाही. आता ते लोकांच्या घरी जाऊन पियानो जुळवून देतात. आमच्या तालमीच्या खोलीतलाही, दर मंगळवारी. जिन्यात भेटलो की ते माझ्या आईची चौकशी करतात.

एक गोष्ट मात्र उरली आहे. टेबलावर येणारा प्रत्येक आवाज बटणाच्या आधीच वेगवेगळा नोंदला जातो. त्यामुळे खालची बासरीही आहे आणि रंगमंचावरचा नायिकेचा आवाजही. मी दोन्ही एकत्र जोडले आहेत: हेडफोनमध्ये आवाज मधे, बासरी डावीकडे, कारण बासरीवाला खोलीत डावीकडे बसतो. ते अकरा सेकंद जसे लिहिले होते तसे माझ्याशिवाय कोणी ऐकलेले नाहीत. ती फाइल आणि माझे चांगले हेडफोन मास्तरांना द्यावेत, माझ्या पश्चात.

साक्षीदारांच्या सह्यांआधी करावी लागलेली दुरुस्ती

वरील मजकूर भाषा तपासण्यासाठी मी आज दुपारी काकांना दिला. ते आणि नर्सताई साक्षीदार म्हणून सही करणार होते. काकांनी बाल्कनीतच, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून वाचला. लाल पेन पहिल्या पाच कलमांत नऊ वेळा चालले. सहाव्यात एकदाही नाही. नर्सताईला त्यांनी सहावे वाचून दाखवले.  ही माणसे दीड वर्ष ज्या गोष्टीसाठी भांडली ती माझ्या बोटाची घसरण होती, हे मी त्यांना आज कळू दिले. उठून गेली असती तर मी काही म्हटले नसते.

नर्सताई म्हणाली, "म्हणजे ती पोरगी तेव्हा खरंच एकटी गात होती?"

मी हो म्हटले.

"मग बरोबरच होतं की माझं."

काका म्हणाले, छापखान्यात असे होते. अक्षरांचे खिळे जुळवताना एखादा शब्द चुकून गळतो आणि वाक्य सुधारते. तेव्हा मुद्रितशोधक समासात लिहितो, "आहे तसे ठेवा." "पण त्याआधी लेखकाला विचारतात गं बाई. तू विचारलंच नाहीस."

मग त्यांनी दहावी चूक दाखवली. ज्याला मृत्युपत्रात काही ठेवले आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. सही केली तर त्याचे कलम बाद. नर्सताईला कोट ठेवला आहे, म्हणजे तिची सही चालणार नाही. दुसरा कोणी बघतो, असे म्हणून ते खाली गेले आणि परत आले ते मास्तरांना घेऊन. पियानो जुळवायची किल्ली मास्तरांच्या हातातच होती.

यांची सही चालणार नाही, असे मी काकांना सांगितले. सहावे कलम बाद होईल.

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "म्हणून तर यांना आणलं. बाद होऊ दे. जे द्यायचं ते हातात दे."

नर्सताईने बूट घातले आणि दोघे खालच्या जिन्यावर जाऊन बसले. मी मास्तरांना सहावे कलम वाचायला दिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत वाचले. मी हेडफोन पुढे केले. त्यांनी ते अकरा सेकंद तीनदा ऐकले. चौथ्यांदा डोळे मिटून हाताने ताल दिला.

"बासरी बरी आहे," ते म्हणाले.

मी म्हटले, फार चांगली आहे.

"पण ती एकटी गाते ते जास्त चांगलं आहे." हेडफोन त्यांनी टेबलावर ठेवले. "त्या दिवशी सांगितलं असतंस तर मीच काढली असती बासरी. मला फक्त कळायला हवं होतं, की कोणी ऐकून फेकलेली नाही."

मला माफी मागायची होती. तिचाही मसुदा खिशात होता. तो काढता आला नाही.

त्यांनी क्यूचा कागद जवळ ओढला आणि सत्तेचाळीस व अठ्ठेचाळीस यांच्या मधे पेन्सिलीने लिहिले: आहे तसे ठेवा. खाली सही केली. मग विचारले, ऑपरेशन कोणत्या कानाचे? मी डावा सांगितला. 

"बासरी उजवीकडे घे," मास्तर म्हणाले.

मी घेतली.

त्यानुसार कलम ६ रद्द. फाइलची एक प्रत आज मास्तरांच्या हाती दिली. दुसरी, बासरी उजवीकडे असलेली, माझ्या हयातीत माझ्याकडे राहील. सोमवारनंतर पहिल्यांदा ती ऐकताना मास्तर शेजारी बसतील, असे त्यांनी कबूल केले आहे. हे त्यांच्यावर बंधनकारक नाही. तरी लिहून ठेवते.

कलमे १ ते ५ कायम. नर्सताईला कोट आजच दिला. "मला कशाला?" असे ती म्हणाली.

सही: ध्वनितंत्रज्ञ

साक्षीदार पहिले: मुद्रितशोधक, निवृत्त (मजकूर तपासला, दुरुस्त्या एकूण दहा)

साक्षीदार दुसरे: संगीतकार

ठिकाण: नाट्यगृह, बाल्कनी, शेवटच्या रांगेच्या पाठीशी
दिनांक: १४ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे