कँटीनमधलं भाषण कुठून सुरू करू?

श्रद्धा,

तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. मी पहिल्या शिफ्टच्या बसने निघतेय. पोहे झाकून ठेवलेत, लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल केलंय. संध्याकाळी ड्रेसिंगला एकटी जाऊ नकोस, शेजारच्या कनीजआपा सोबत येतील.

आज जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बोलायचंय. हात आत असला की प्रेस थांबवणारा तो सेन्सर दुरुस्त होईपर्यंत कुणीच मशीन चालवायचं नाही, एवढं सगळ्यांना पटवायचंय. काल तुला वाचून दाखवलं तेव्हा सुरुवात तुझ्या अपघातापासून होती. "माझी तुटलेली बोटं आता सगळ्यांना दाखवत फिरणार का?" असं म्हणून तू आत निघून गेलीस. तो भाग मी काढून टाकलाय.

तेव्हापासून सुरुवातच सापडत नव्हती. आधी नियम सांगितले तर बायका डब्यात बघत बसतील. आधी मागणी केली तर नोकरीच्या भीतीने उठून जातील. या विचारात सकाळी चहा दोनदा उतू गेला. शेवटी ठरवलं, आधी फक्त विचारायचं, "सेन्सर बंद आहे हे कुणाकुणाला माहीत आहे? हात वर करा." मग थोडा वेळ गप्प राहायचं. वर गेलेले हात त्यांचे त्यांनाच दिसू देत. मागणी त्यानंतर.

तुझं नाव मी घेणार नाही, शप्पथ. पण तुला यावंसं वाटलं तर ये. तू दारात दिसलीस की मी बोलायची थांबेन. पुढचं तू सांग.

महेक