वाफेच्या यंत्राला हळदकुंकू

दुबई,
दिवाळी आठ दिवसांवर.

तीर्थरूप चंद्रहासदादा आणि सौ. वहिनी यांच्या चरणी विलासचा इथूनच वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मान तेवढी वाकवली. कमरेचं तुम्हाला ठाऊकच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का अजून मुहूर्तच बघताय? इकडे आम्ही सर्व खुशाल. कुणाल, सूनबाई इशिता, पर्णिका मजेत, आणि आमची सौ. अनुराधाही बरी आहे, म्हणजे माझ्याशी आता बोलायला लागली आहे. पत्रात मोठ्या भावाला 'तुम्ही' म्हणायची रीत म्हणून इतकं निभावलं. पुढे हात सैल झाला की 'तू' येईल, पदरात घे. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. घरात फोनवर बोललेलं भिंतीपलीकडे जातं, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेलं 'कुटुंब कबिला' ग्रुपवर चुकून पडतं (मागे माझ्या मूळव्याधीचा फोटो पडला होता, आठवत असेल). आमच्या बिल्डिंगमधला अरुण कराडला येतोय, त्याच्या हाती हे आणि दोन किलो चिवडा पाठवतो. चिवडा आधी खा, पत्र मग वाच.

तर दादा, दोन वर्षांपूर्वी अल ऐनच्या इस्पितळात माझ्या छातीत स्प्रिंग बसवली, तेव्हा मी सिगारेट सोडली हे तू सगळ्या भावकीला अभिमानाने सांगितलंस. पर्णिका तेव्हा सात वर्षांची. तिने रंगीत कागदावर सर्टिफिकेट केलं, 'माय आजोबा इज अ क्विटर' असं लिहून त्यावर सोनेरी चांदणी चिकटवली आणि ते फ्रिजवर लावलं. (क्विटर म्हणजे पळपुटा ना, असं मी कुणालला विचारलं, तो म्हणाला इथे चांगल्या अर्थाने आहे.) त्या सर्टिफिकेटाच्या शपथेवर सांगतो, मी सिगारेट सोडली होती. अकरा दिवस. बाराव्या दिवसापासून मी रोज दुपारी चार वाजता बिल्डिंगच्या मागे, एसीच्या मोठ्या पंख्यांच्या आडोशाला, मांजरींना खाऊ घालायला जाऊ लागलो. अनुराधाला केवढं कौतुक! ज्या माणसाने जन्मात कुत्र्याला हाड म्हटलं नाही तोंडभरून, तो आजारपणानंतर कसा मवाळ झाला, हे ती देवळात भेटणाऱ्या बायकांना सांगायची. दोन वर्षांत मांजरी इतक्या गलेलठ्ठ झाल्या की वॉचमन रफिक म्हणाला, चाचा, अब तो ये चूहे को देख के रास्ता देती हैं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि कुणालने नवी सात सीटची गाडी घेतली. पर्णिकाला शाळेची सहामाही सुट्टी लागणार होती, तेव्हा दसरा झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं, चार दिवसांत साती अमिराती बघायच्या, पार लिवाच्या वाळवंटापासून खोर फक्कानच्या समुद्रापर्यंत, हजारावर किलोमीटर, सगळे एकत्र, असा बेत त्याने जाहीर केला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात हिशेब केला की चार दिवस, चार वेळा दुपारचे चार, आणि वाळवंटात मांजर आणायची कुठून?

रफिकने मार्ग काढला. त्याच्या ओळखीची मैमुनाबी, दापोलीकडची, नवऱ्यामागे इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या फरसाणाच्या कारखान्यापासून दोन गल्ल्यांवर दुकान चालवते. लायटर, हुक्क्याचं सामान आणि ती विजेवरची सिगारेट. मी टोपी खाली ओढून गेलो, आणि बाईने पहिलाच प्रश्न टाकला, "काका, वय अठराच्या वर हाय ना? विचारावं लागतं." मी म्हटलं, एकाहत्तर. "मग आता कशाला सुरू करताय?" अशा दुकानदारीने ती इतकी वर्षं टिकली कशी देव जाणे. मी म्हटलं, सुरू नाही करत, प्रवासापुरती पाहिजे, नवशिक्याची, स्वस्तातली, वास न येणारी. तिने तीन प्रकार मांडले. एक वापरून फेकायचं. एक एवढं थोरलं, ट्रकच्या सायलेन्सरसारखं, त्याचा धूर बघून म्हणे सिव्हिल डिफेन्सवाले बंब घेऊन येतात. आणि मधलं, बोटाएवढं, बटण नाही काही नाही, नुसतं ओढायचं. रस संपला की वरून भरायचा, चार्ज संपला की गाडीच्या वायरीला लावायचं. मी मधलं घेतलं. यंत्र पासष्ट दिरहम, रसाची बाटली तीस. पंच्याण्णव गुणिले चोवीस म्हणजे बावीसशे ऐंशी रुपये, असं मी मोठ्याने म्हटलं तर म्हणाली, "काका, आल्याला चाळीस वर्षं झाली, अजून गुणाकार करता?" रस तंबाखूच्या चवीचा घ्यावा असं तिचं म्हणणं. पण बाटल्यांत एक हापूस आंब्याची होती आणि माझी जीभ तुला ठाऊक आहे. पैसे घेताना तिने बजावलं, "हे आईस्क्रीम नाय. निकोटीन तेच हाय. उन्हात गाडीत ठेवू नका, गळेल. आणि पोर गाडीत असेल तर आत ओढायचं नाय, दंड हाय. पोराच्या हाती तर अजिबात लागू देऊ नका." मी हो हो म्हटलं. दादा, सातवीनंतर मी सगळं आयुष्य असंच शिकलो, समोरच्याला हो हो म्हणत, आणि शिकलेलं वेळेवर कधी आठवलं नाही.

आता दसऱ्याचं ऐक. आपल्यात खंडेनवमीला नि दसऱ्याला हत्यारं पुजायची. इकडे तलवारी कुठल्या, तेव्हा अनुराधा घरातली यंत्रं पुजते. पाटावर मिक्सर, चकलीचा सोऱ्या, कुणालचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, पर्णिकाचा टॅब, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. मी मूर्खाने माझं यंत्र आदल्या दिवशी मिक्सरमागच्या सॉकेटला चार्जिंगला लावून ठेवलं होतं. सकाळी आंघोळ करून येतो तो ते पाटावर, मिक्सर आणि सोऱ्याच्या मध्ये, कपाळी कुंकू लावून बसलेलं! अनुराधाने विचारलं, हे काय नवीन? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, डॉक्टरांनी दिलंय, वाफेचं यंत्र, नाक चोंदतं ना माझं. तिने लगेच त्यावर दोन अक्षता जास्त टाकल्या. म्हणाली, औषधाची वस्तू, आधी सांगायचं नाही का, आणि वास तरी किती गोड. आरतीला कुणालने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर फ्लडलाइट लागले होते. पण त्याने मुकाट हात जोडले, आणि मला वाटलं देव पावला.

प्रवास सुरू झाला. पहिल्या दिवशी लिवाच्या पेट्रोलपंपामागे मी यंत्र काढलं, ओढलं, तर आतून शिट्टी! अक्षतेचा एक दाणा यंत्राच्या तोंडाच्या भोकात बसलेला. तो टाचणीने काढेपर्यंत मिशीला कुंकू लागलं, आणि शिट्टी ऐकून पंपावरचं मांजर धावत आलं. (खाऊ नव्हता. पाहिलं त्याने माझ्याकडे असं, की जणू मी घास हिसकावलाय त्याचा.) आणि दादा, खरं सांगू? त्यात काही मजा नाही. आमरस कोणीतरी आधी पिऊन मग आपल्या तोंडावर उच्छ्वास सोडावा, तसं. तरी ओढलं. अल ऐनलाही ओढलं, खजुरीच्या बागेत, पलीकडच्या रस्त्यावर ते इस्पितळ दिसत असताना. डॉक्टर गच्चीवरून बघतोय असं वाटून झाडाला नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी खोर फक्कान. डोंगरातून रस्ता, खाली निळा समुद्र, बंदरावर रंगीत कंटेनर रचलेले, पर्णिकाच्या ठोकळ्यांसारखे. पण पोरीला लिवाची वाळू आणि गाडीचा एसी बाधला होता, नाक गच्च. कुणाल आणि इशिता औषध आणायला गेले, मी तीन कप कडक चहा आणायला. यंत्र माझ्याकडे नव्हतं. गाडी उन्हात, म्हणून मैमुनाबीचा सल्ला मानून मीच ते अनुराधाच्या पर्समध्ये ठेवायला दिलं होतं. (आयुष्यात एक सल्ला मानला, तोही असा.) चहा घेऊन वळतो, तर बाकावर पर्णिका आजीच्या मांडीला टेकलेली, मान मागे, आणि अनुराधा ते यंत्र पदराने पुसून तिच्या तोंडाजवळ नेतेय. "खोल ओढ हं सोन्या, आजोबांचं औषध आहे, आंब्याचं आहे, बरं वाटेल." आणि पोरीने तोंड उघडलं.

दादा, स्प्रिंग बसवल्यापासून मी धावलो नव्हतो. त्या दिवशी धावलो. तिन्ही चहा माझ्या पायांवर. ओरडलो ते आख्ख्या किनाऱ्याने ऐकलं, "ओढू नको! सिगारेट आहे ती! माझी सिगारेट आहे!" पर्णिकाच्या ओठांपासून दोन बोटांवर होतं, मी झडप घालून हिसकावलं, आणि फतकल मारून वाळूत बसलो. छाती अशी उडत होती की पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला एक अरब गृहस्थ थांबून माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "खलास, बाबा, खलास." (अरबीत म्हणजे 'झालं, पुरे आता'.) त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, खरंच खलास होतं.

मग सगळं सांगितलं. मांजरी, पंखे, दुकान, डॉक्टर, सगळं. न विचारलेलंही सांगितलं. तेवढ्यात कुणाल आला, आणि म्हणतो कसा, "बाबा, आम्हाला वाटलं आईला माहीत आहे. तिनेच तर कुंकू लावलं होतं." म्हणजे घरातल्या दोन शिकलेल्या माणसांनी ते यंत्र ओळखलं, आणि पूजेत बसलंय म्हणजे मंजूर झालंय, असं समजून नमस्कार केला! अनुराधाने दोन्ही हात पदराखाली घेतले. तेच हात, दादा. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून नातीला विष पाजणार होते. पर्णिकाने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, यू लाइड टू आजी." मला वाटलं होतं ती सर्टिफिकेटाचं बोलेल.

पुढचा दिवसभर गाडीत चार अमिराती होऊन गेल्या, मला एकही आठवत नाही. घरी आल्यावर पर्णिकाने फ्रिजवरचं सर्टिफिकेट काढून आपल्या फाइलीत ठेवलं. "यू कॅन अर्न इट अगेन," म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी सवयीने चप्पल शोधू लागलो, तर अनुराधा खाऊची पिशवी घेऊन दारात उभी. त्या दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य: "तुम्ही बसा. मांजरींना आता मी बघते."

आज नववा दिवस. एक झुरकासुद्धा नाही. अकराचा माझा जुना विक्रम आहे. बाकी ठीक. वहिनींना मोतीबिंदू लांबवू नका म्हणावं.

तुझा धाकटा,
विलास

ता. क. चिवडा हे निमित्त होतं. काम असं आहे: तू बिडी सोडलीस त्याला वीस वर्षं झाली. दुपारी चार वाजता घर रिकामं असतं, अनुराधा खाली मांजरींपाशी, आणि मी सोफ्यावर हात मांडीखाली दाबून बसतो. रोज त्या वेळेला मला फोन करशील का? आमचे चार म्हणजे तुमचे साडेपाच. काही बोल, ऊस बोल, गुडघा बोल, भाऊबंदकी बोल, फक्त पंधरा मिनिटं ठेवू नको. दिवाळीपर्यंत कर, मग बघू.

ता. क. दुसरा. यंत्राचं काय केलं असं वहिनी विचारतील. अनुराधा टाकू देत नाही. एकदा हळदकुंकू लागलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, आणि विसर्जन करावं तर समुद्रात बॅटरी टाकल्याचा दंड. तेव्हा ते सध्या देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, सुकलेल्या झेंडूंबरोबर आहे. रोज सकाळी देवाला नमस्कार करताना तो खणालाही पोचतो की काय, अशी मला शंका आहे. गुरुजींना विचारून कळव.

ता. क. तिसरा. त्याचा चार्ज अजून निम्मा आहे. हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. फोन साडेपाचला नको, सव्वापाचला कर.