आधी नळ, मग चंद्र

२ फेब्रुवारी
श्रेयाला अंतराळशास्त्र शिकायला केरळला जायचंय. एकटी पोरगी, एवढ्या लांब. पण मी सरळ नाही म्हणणारा बाप नाय. विज्ञान दिनाला कॉलनीच्या बागेत डिबेट आहे : सरकारनं अंतराळावर पैसा घालावा का? ती म्हणणार घालावा, मी म्हणणार नको. जिंकलीस तर जा, म्हणालो. बिचारी. कॉलेजात वक्तृत्वात मी दुसरा आलो होतो. दोघंच होतो, ते असो.

९ फेब्रुवारी
मुद्दा सापडला. आमच्या गारखेड्यात नळ आठवड्यातून एकदा, न् सरकार चंद्रावर पाणी शोधतंय. लई भारी. आरशासमोर म्हटलं तर माझ्याच अंगावर काटा आला. बायको, दिपाली, म्हणाली, दाढी उरका, बेसिनचा नळ चालूच आहे.

१३ फेब्रुवारी
आजपासून उपग्रहावर बहिष्कार. मॅप न लावता औरंगपुऱ्यात भाषणासाठी जॅकेट घ्यायला गेलो. दुकान सापडलं नाही, बांगड्या घेऊन आलो. मग मॅच बघितली. डिशचे पैसे आधीच भरलेत, ते धरायचं नाही.

२० फेब्रुवारी, दुपारी
शत्रूचा अभ्यास म्हणून यान उतरतानाचा व्हिडिओ बघितला. परत बघितला. डोळ्यांत पाणी आलं, पंख्याची धूळ. दिपाली म्हणाली, पंखा बंद आहे.

२७ फेब्रुवारी
भाषण तोंडपाठ. श्रेया गच्चीवर दुर्बीण पुसत बसलीय, तयारी शून्य. हरल्यावर रडेल, तेव्हा स्कूटी घेऊन देऊ. उद्याच नळाचा दिवस, म्हणजे माझा मुद्दा एकदम ताजा.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
मी आधी बोललो. टाळ्याच टाळ्या. मग श्रेया उठली. म्हणाली, लहानपणी स्कूटरवर पुढं उभी राहून मी पप्पांना विचारायचे, चंद्र आपल्यासोबत का येतो? पप्पा म्हणायचे, आपल्याला घरापर्यंत सोडायला. तो खरंच का येतो, ते मला तेव्हापासून शोधायचंय.
तेवढ्यात ग्रुपवर मेसेज पडला, नळ आले. म्हटलं आता सगळे मोटार लावायला पळणार. कुणी उठलं नाही. मीपण नाही.

१ मार्च
अख्ख्या गल्लीच्या टाक्या कोरड्या. आमच्याकडं एक बादली, त्यात तिघं. परीक्षक बन्सीभाऊंनी निकाल दिला, की पाण्यावर बोलणाराच पाणी सोडून चंद्राचं ऐकत बसला, आता आम्ही काय मार्क द्यायचे. साफ पक्षपात. अपील करणार होतो, पण श्रेयाची बॅग खाली काढायला माळ्यावर चढावं लागलं.
तिथल्या होस्टेलला नळ रोज येतो का, तेवढं विचारून घेतलं पाहिजे.